निर्जनतेची निर्मिती : मालदीवमधील ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ धोरणाचा इतिहास

प्रस्तावना :
मालदीवच्या पर्यटनाच्या जाहिरातीत तेथील माणूस सहसा दिसत नाही. निळे पाणी, पांढरी वाळू, पाण्यात खांबांवर उभी केलेली कुटी आणि फार तर एखादे जोडपे, एवढेच दिसते. हे दृश्य निसर्गाने जसेच्या तसे बहाल केले आहे, असा समज आपल्याकडील सुशिक्षित वर्गातही आढळतो. प्रस्तुत निबंधात या समजाची तपासणी करावयाची आहे. मालदीवचा आलिशान एकांत हा भूगोलाइतकाच शासकीय धोरणाचाही परिणाम आहे. म्हणूनच त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयास हवा.

पूर्वपीठिका :
सुमारे १२०० बेटांच्या या देशात वस्ती असलेली बेटे दोनशेहून कमी आहेत. तरीही हा प्रदेश जगापासून तुटलेला कधीच नव्हता. बंगाल-ओरिसात चलन म्हणून वापरल्या जाणाऱ्या कवड्या प्रामुख्याने येथूनच येत. ‘कवडीमोल’ हा शब्द सहज वापरणाऱ्या आपणास हे ठाऊक असावे. इ. स. १३४३ मध्ये आलेला इब्न बतूता येथे काझी झाला. १६०२ मध्ये फ्रान्स्वा पिरार या फ्रेंच प्रवाशाचे जहाज येथील प्रवाळखडकावर फुटले. त्याला बेटे सोडून जाण्याची मोकळीक नव्हती. १६०७ मध्ये बंगालकडून आलेल्या हल्लेखोरांमुळे त्याची सुटका झाली आणि पुढे तो गोव्यास पोहोचला. त्याच्या फुटलेल्या जहाजाचे नाव ‘कोर्बां’ होते. मालदीवमध्ये पहिले पर्यटक आणणाऱ्या इटालियन व्यावसायिकाचे आडनावही त्याच अक्षरांनी लिहिले जाते. हा केवळ योगायोग होय. परंतु ज्या बेटांवरून सुटण्यासाठी एकाने पाच वर्षे वाट पाहिली, तेथे राहण्यासाठी आज लोक एका रात्रीस प्रचंड रक्कम मोजतात.

१९७२ आणि नंतर :
मालदीव १९६५ मध्ये स्वतंत्र झाला. त्याच दशकात येथे आलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी ही बेटे पर्यटनास अनुकूल नसल्याचे मत दिले होते. देशाची निर्यात मुख्यतः सुकवलेल्या मासळीची असे व तिची बाजारपेठ श्रीलंकेत होती. १९७०च्या दशकाच्या आरंभी श्रीलंकेतील परकीय चलनाच्या टंचाईने ही बाजारपेठ कोसळली. अशा वेळी जॉर्ज कॉर्बिन याने काही मालदीवी तरुणांच्या साहाय्याने इटालियन पर्यटकांचा गट आणला. ऑक्टोबर १९७२ मध्ये ‘कुरुंबा’ हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले. कुरुंबा म्हणजे शहाळे. प्रवाळाच्या दगडांच्या भिंती, नारळाच्या झावळ्यांचे छप्पर आणि अवघ्या तीस खोल्या असे त्याचे स्वरूप होते. त्या वर्षी सुमारे एक हजार पर्यटक आले. २०२४ मध्ये ही संख्या वीस लाखांच्या पुढे गेली.

या वाढीला ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ या तत्त्वाने आकार दिला. निर्मनुष्य बेट शासनाने भाडेपट्ट्याने द्यावे आणि वीज, पाणी व निवास यांची सोय पट्टेदाराने करावी, अशी ही व्यवस्था. गरीब शासनाला ती सोयीची होती, यात शंका नाही. मद्य आणि पेहराव यांविषयीचे निर्बंध रिसॉर्टपुरते शिथिल ठेवता आले आणि मुस्लिम समाजाच्या वस्तीला त्याची झळ लागली नाही. पर्यटकाला गोपनीयता मिळाली व राज्यकर्त्यांना निश्चिंती. १९८०च्या दशकात तर वस्तीच्या बेटांवरील अतिथिगृहेच बंद करण्यात आली.

मात्र ‘निर्मनुष्य’ म्हणजे ‘निरुपयोगी’ नव्हे. शेजारच्या बेटावरील लोक तेथून नारळ, सरपण आणि लाकूड आणीत. मच्छीमार विसाव्यासाठी थांबत. बेट भाडेपट्ट्याने गेले की ही वहिवाट संपे. स्थानिक माणसाला तेथे उरली ती नोकरी, तीही घरापासून दूर राहून. स्थानिक स्त्रियांचे प्रमाण त्या नोकऱ्यांत दीर्घकाळ अत्यल्प राहिले. रिसॉर्टचा कचरा मात्र वेगळ्याच बेटावर जाई : राजधानी मालेजवळचे थिलाफुशी १९९०च्या दशकापासून कचरा टाकण्यासाठीच वापरले गेले. जाहिरातीतील वाळू स्वच्छ राहण्याचे हेही एक कारण होय.

२००८ मध्ये बहुपक्षीय निवडणुकीने सत्तांतर झाले आणि त्यानंतर लवकरच वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहांना पुन्हा परवानगी मिळाली. सामान्य कुटुंबाला पर्यटनातून थेट मिळकत मिळू लागली, हा बदल प्रस्तुत लेखकास रिसॉर्टच्या कोणत्याही विक्रमापेक्षा महत्त्वाचा वाटतो. जुनी विभागणी त्यामुळे पुसली गेली असे मात्र नाही. माफुशी बेटावर परदेशी पर्यटकांच्या स्नानासाठी किनाऱ्याचा एक तुकडा राखून, गावाच्या नजरेआड राहील अशा रीतीने कुंपणाने वेगळा करण्यात आला. पूर्वी दोन बेटांमधल्या समुद्राने जी सीमा आखली होती, ती तेथे एकाच वाळूवर उभी राहिली.