जुनी पेस्लिप

मावशीच्या पोटगीच्या फाइलमध्ये काकांची एकच पेस्लिप होती, अर्ज केला त्या महिन्याची. कन्हानच्या कोळसापट्ट्यात वाढलेल्या कुणालाही यातली गोम लगेच कळेल. आमच्याकडे खाणीतला पगार पाच-पाच वर्षांच्या वेतनकरारावर वाढतो. दहावा करार १ जुलै २०१६ पासून लागू झाला, अकरावा १ जुलै २०२१ पासून. सह्या उशिरा होतात, मग फरकाची रक्कम एकदम हातात पडते. मावशीची केस चालू असतानाच दहावा करार झाला. काकांचा पगार वाढला, फाइलमधला होता तिथंच राहिला.

हा फक्त आमच्या घरचा घोळ असेल असं मला वाटायचं. मग जुना कायदा वाचला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८८ मध्ये पोटगीला महिना ५० रुपयांची कमाल मर्यादा होती. १९२३ मध्ये ती १०० झाली, १९५५ मध्ये ५००. १९७३ च्या संहितेत कलमाचा क्रमांक बदलून १२५ झाला, पण ५०० चा आकडा हलला नाही. संसदेनं तो काढला २००१ मध्ये. म्हणजे ४६ वर्षं! तेवढ्या काळात एका पिढीची लग्नं होऊन नातवंडं झाली.

घटस्फोटात मालमत्तेची वाटणी म्हणाल, तर गोव्याच्या समान नागरी कायद्यात पती-पत्नीचा निम्मा-निम्मा हक्क असतो. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ आहे, ते लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून भेट आलेल्या वस्तूंपुरतं. त्यामुळे बहुतेक बायकांची सगळी लढाई पोटगीवर येते, आणि पोटगी ठरते उत्पन्नाच्या कागदावर.

या कागदाचं सगळ्यात गाजलेलं भांडण नागपूरचंच. तिथल्या कुटुंब न्यायालयानं २०१५ मध्ये पत्नीला महिना १५,००० रुपये अंतरिम पोटगी दिली, मुलाची वेगळी. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ती कायम ठेवली. नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याची तक्रार मावशीच्या बरोबर उलटी होती: २०१३ पासूनची पोटगी ठरवताना २००६ चं आयकर विवरणपत्र कसं धरलं? म्हणजे शिळा कागद दोन्ही बाजूंना कापतो. न्यायालयानं त्याच्याकडून २००५-०६ पासून आजवरची सगळी विवरणपत्रं मागवली.

४ नोव्हेंबर २०२० ला न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. सुभाष रेड्डी यांनी निकाल दिला. नवऱ्यानं थकबाकी १२ आठवड्यांत भरायची. शिवाय देशभर यापुढे पोटगीच्या दाव्यात दोघांनीही मालमत्ता आणि देणी सांगणारं शपथपत्र द्यायचं. मला महत्त्वाची वाटते ती त्यातली एक छोटी तरतूद: मध्येच कुणाची आर्थिक स्थिती बदलली किंवा नवी माहिती हाती आली, तर पुरवणी शपथपत्र देता येईल आणि अंतिम निर्णयाच्या वेळी न्यायालय ते विचारात घेईल. रक्कम ठरल्यावर परिस्थिती बदलली तर ती कमी-जास्त करून घ्यायची सोय कलम १२७ मध्ये आधीही होती. पण केस चालू असताना कागद ताजा ठेवायची वाट आता लेखी मिळाली.

मावशीच्या वकिलांनी तीच वाट धरली. काकांच्या शपथपत्राला नवी पेस्लिप जोडून आली, तेव्हा मी सोबत होतो. मावशीनं बाकावर दोन्ही पेस्लिपा शेजारी-शेजारी ठेवल्या आणि बेसिकच्या आकड्यांवर बोट ठेवून बराच वेळ बसून राहिली. मग मला म्हणाली, मोबाइलमध्ये दोन्हींचा फोटो काढून ठेव.