उड्डाणप्रतिमा, सोव्हिएट अनधिकृत कलेतील
सोव्हिएट संघात शासनमान्य कलावंत-संघाच्या चौकटीबाहेर वाढलेल्या कलेतील एक ठळक विषय. स्पुटनिक (१९५७) आणि युरी गागारीन यांचे अंतराळ उड्डाण (१९६१) यांनंतर सरकारी प्रचारचित्रांत आकाश भरून राहिले. अनधिकृत कलावंतांनी तेच आकाश कोंदट सामायिक घरात राहणाऱ्या एकट्या माणसाच्या स्वाधीन केले.

प्रमुख नाव इल्या काबाकोव्ह (१९३३–२०२३) यांचे. पोटासाठी ते मुलांच्या पुस्तकांची चित्रे काढीत. स्वतःचे काम मॉस्कोतील पोटमाळ्यावरच्या स्टुडिओत मित्रमंडळींना दाखवीत. ‘आपल्या खोलीतून अंतराळात उडालेला माणूस’ (१९८५) ही त्यांची मांडणी प्रसिद्ध आहे. दाराला फळ्या ठोकलेल्या. फटीतून आत पाहावे, तर भिंतींवर प्रचाराची भित्तिपत्रे, मधोमध स्प्रिंगांना टांगलेली बैठक, वर छताला भगदाड आणि खाली जोडे. माणूस मात्र नाही. तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनाची कथा ऐकून वाढलेल्या मराठी वाचकाला हे फार परके वाटू नये. फक्त येथे न्यायला विमान येत नाही, ते घरच्या घरी जुळवावे लागते.

या कृतीकडे निव्वळ राजवटीची टिंगल म्हणून पाहणे अपुरे आहे. भित्तिपत्रांतल्या स्वप्नावर त्या माणसाने खरोखरच विश्वास ठेवलेला दिसतो, आणि म्हणूनच तो तेथून निसटतो. काबाकोव्ह यांनी १९८७ मध्ये देश सोडला. ही मांडणी १९८८ मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शित झाली आणि आता पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे.