सैराट

सैराट : प्रेमविवाह आणि जातिनिष्ठ कौटुंबिक प्रतिष्ठा ह्यांच्या संघर्षावरील मराठी चित्रपट. तो २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक नागराज मंजुळे हे सोलापूर जिल्ह्यातील जेऊर (ता. करमाळा) गावचे असून चित्रपटाचे बरेचसे चित्रीकरण करमाळा परिसरात झाले. पात्रांच्या तोंडी ह्याच भागातील बोली आहे.

कुटुंब व रूढी हा मराठी बोलपटाचा जुना विषय होय. व्ही. शांताराम ह्यांच्या कुंकू (१९३७) मध्ये वृद्धाशी फसवून लग्न लावलेली तरुणी त्याच घरात राहून त्या विवाहाला विरोध करते. अखेर पतीला पश्चात्ताप होतो व तो प्राणत्याग करून तिला मोकळे करतो. तेथे रूढीचा पराभव घडविणारी शक्ती वडीलधाऱ्याची सदसद्‌विवेकबुद्धी ही आहे. सैराटमध्ये मात्र पश्चात्तापाला जागा नाही.

आर्ची (रिंकू राजगुरू) ही सत्ताधारी पाटील घराण्यातील मुलगी, तर परश्या (आकाश ठोसर) हा मासेमारीवर जगणाऱ्या, खालच्या मानलेल्या जातीतील कुटुंबाचा मुलगा. आर्ची बुलेट व ट्रॅक्टर चालविते, कोणालाही भीत नाही. परंतु हा मोकळेपणा वडिलांच्या सत्तेतून लाभलेला असल्यामुळे वर निवडताच तो हिरावून घेतला जातो. दोघे हैदराबादला पळून जातात, कष्ट करून संसार उभारतात. काही वर्षांनी आर्चीचा भाऊ माहेरच्या भेटवस्तू घेऊन येतो आणि त्या दोघांची हत्या होते. शेवटच्या दृश्यात ध्वनी नाही. रक्ताची पावले उमटवीत चालणारे त्यांचे मूल तेवढे दिसते.

रूढीची अंमलबजावणी जवळच्याच नातलगाकडे सोपविली जाणे, हे केवळ भारतीय समाजाचे वैशिष्ट्य नव्हे. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासोचे दिग्दर्शक इद्रिसा उएद्राओगो ह्यांच्या तिलाई (१९९०) मध्ये वाग्दत्त वधूशी वडिलांनीच विवाह केल्यावर तिच्याशी संबंध ठेवणाऱ्या मुलास ठार मारण्याचे काम त्याच्या भावावर येते. ‘तिलाई’ म्हणजे कुळाचा कायदा. तेथील भाऊ प्रथम कचरतो. सैराटमधील भाऊ कचरत नाही. त्याच्यामागे कुळाच्या मानाबरोबर जात व राजकीय सत्ताही उभी आहे.

सैराट २०१६ च्या बर्लिन आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आला. रिंकू राजगुरू ह्यांचा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला. अजय-अतुल ह्यांची गाणी लोकप्रिय ठरली. १०० कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळविणारा हा पहिला मराठी चित्रपट मानला जातो. त्यावरून कन्नड, पंजाबी, ओडिया इ. भाषांत चित्रपट निघाले. धडक (२०१८) ह्या हिंदी रूपांतरात जातीचा प्रश्न मागे पडल्याची टीका झाली. त्याच वर्षी २७ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने शक्तिवाहिनी खटल्यात असा निर्णय दिला, की दोन प्रौढ व्यक्तींच्या विवाहास कुटुंबाची, जमातीची वा कुळाची संमती आवश्यक नाही. आर्चीच्या घराने नाकारलेला हक्क तो हाच.