रिकी, ब्रँच

(२० डिसेंबर १८८१ – ९ डिसेंबर १९६५). अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमधील थोर संघप्रशासक. जन्म ओहायो राज्यातील धर्मनिष्ठ मेथडिस्ट शेतकरी कुटुंबात. आईला दिलेल्या शब्दाखातर ते रविवारी मैदानात उतरत नसत. खेळाडू म्हणून ते बेताचेच. १९०७ मध्ये खांदा दुखावलेला असताना ते न्यूयॉर्ककडून कॅचर म्हणून उभे राहिले आणि प्रतिस्पर्ध्यांनी त्या एका सामन्यात १३ बेस चोरले. पुढे मिशिगन विद्यापीठात त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले.

सेंट लुईस कार्डिनल्स या संघाचा कारभार हाती आला तेव्हा तिजोरीत खडखडाट होता. चांगला खेळाडू हेरावा आणि श्रीमंत संघाने जास्त पैसे मोजून तो उचलावा, असे वारंवार घडे. म्हणून रिकींनी गावोगावचे छोटे संघच विकत घेऊन तिथे खेळाडू घडवायला सुरुवात केली. ही ‘फार्म’ पद्धत पुढे सर्वच संघांनी उचलली. कार्डिनल्सने त्यांच्या काळात १९२६, १९३१, १९३४ आणि १९४२ अशी चार विश्वविजेतेपदे मिळवली. मात्र खेळाडूंना पगार देताना रिकींचा हात आखडता असे.

१९४२ च्या अखेरीस ते ब्रुकलिन डॉजर्सकडे आले. मेजर लीगमध्ये तेव्हा जवळपास साठ वर्षे एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. २८ ऑगस्ट १९४५ रोजी रिकींनी कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन यांना आपल्या कचेरीत बोलावले. सुमारे तीन तास चाललेल्या या भेटीत त्यांनी कधी उर्मट हॉटेल कारकुनाची, कधी शिवीगाळ करणाऱ्या खेळाडूची भूमिका वठवून रॉबिन्सन यांच्या संयमाची परीक्षा पाहिली. उलट हात न उचलण्याचे धैर्य रिकींना हवे होते. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरले. या निर्णयामागे न्यायबुद्धी होती, तसेच सामने जिंकण्याचा हिशेबही होता. त्याने निर्णयाचे मोल उणावत नाही. पण रॉबिन्सन यांच्या आधीच्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाला रिकींनी एक छदामही दिला नाही, हा अन्यायच म्हटला पाहिजे.

१९५० मध्ये ते पिट्सबर्ग पायरेट्सकडे गेले. रोबेर्तो क्लेमेंटे हा खेळाडू पायरेट्सला लाभला तो त्यांच्याच कारकिर्दीत. रिकी पायउतार झाल्यावर पाच वर्षांनी, १९६० मध्ये, तो संघ विश्वविजेता ठरला.

रॉबिन्सन यांची १९६२ मध्ये बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये निवड झाली, रिकींची १९६७ मध्ये, मरणोत्तर.