जवारी

तंबोरा, सतार, रुद्रवीणा या वाद्यांच्या रुंद घोडीच्या माथ्याला दिलेला अगदी हलका बाक, आणि त्या बाकामुळे तारेच्या नादाला येणारे गुंजन. दोहोंनाही जवारी म्हणतात. महाराष्ट्रात हे काम मिरजेच्या (जि. सांगली) कारागिरांच्या हातचे. तिथे हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतले फरीदसाहेब सतारमेकर एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांचे भोपळे मंगळवेढ्याकडचे.

घोडीचा माथा सपाट असता तर तार एकाच कडेवर टेकली असती. बाकामुळे कंप पावणारी तार माथ्याला क्षणोक्षणी चाटून जाते, टेकण्याची जागा पुढेमागे सरकते आणि मूळ स्वराची शक्ती वरच्या उपस्वरांत वाटली जाते. तारेखाली सुताचा दोरा सारून ही जागा नेमकी साधतात. केसभर सरकला तरी नाद मिटतो किंवा चिरकतो. जागा साधली, की पितळी खर्जाच्या तारेतून स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा, गंधार ऐकू येतो. तंबोऱ्याची खरी परीक्षा हीच.

चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये या घोडीवर लिहिले. तार बरोबर मध्यावर छेडली तर सम क्रमांकाचे उपस्वर उमटू नयेत, असा तंतुकंपनाचा नियम. तंबोऱ्यात मात्र ते उमटतात.

नादात उपस्वर किती आणि कसे आणायचे, हा प्रश्न बास गिटारवाल्याला ओळखीचा वाटेल. फेंडरच्या 1960 च्या जॅझ बासमध्ये तारेचा कंप टिपणारे दोन पिकअप आहेत: घोडीजवळचा उपस्वर अधिक टिपतो, मानेकडचा मूळ स्वर, आणि दोहोंचे प्रमाण वादक ठरवतो. कॅलिफोर्नियात 1969 मध्ये सुरू झालेल्या अलेम्बिक कंपनीने वाद्यातच फिल्टर बसवले. फिल्टर पिकअपने टिपलेल्यातून काही उचलतो, काही दाबतो. तारेत नसलेला उपस्वर तो निर्माण करू शकत नाही. जवारी तो प्रत्यक्ष तारेतच जागवते, म्हणून ती अधिक मूलगामी.

जवारी खुली असेल तर नाद लख्ख, बंद असेल तर गोल. वापराने हाडाच्या माथ्यावर तारांच्या चऱ्या पडतात आणि जवारी उतरते. मग कारागीर कानसीने माथा घासतो, तार चढवून ऐकतो, पुन्हा उतरवून घासतो. मोजपट्टी इथे कामाची नाही. कान तयार व्हायला वर्षे जातात.