फिशरसाहेबांचा पाइप

"आमच्या रक्तातच आहे रे," म्हणत एक मित्र टपरीवर दुसरी सिगारेट पेटवतो. रोनाल्ड फिशरही (हो, एफ-टेस्टवाले!) साधारण हेच म्हणायचे. १९५० साली डॉल आणि हिल यांनी सिगारेटचा फुफ्फुसाच्या कॅन्सरशी संबंध दाखवला. पाइप ओढणाऱ्या फिशरना तो काही पटेना. १९५८ मध्ये त्यांनी जुळ्यांचे आकडे काढले: एकसारख्या जुळ्यांच्या सवयी जास्त जुळतात, मग व्यसन आणि कॅन्सर दोन्हींचं मूळ जीन्समध्येच असेल की! (साहेब तंबाखू कंपन्यांचे सल्लागार होते, बरं का.)

गंमत म्हणजे अर्धं खरं निघालं. २००८ मध्ये पंधराव्या क्रोमोसोमवर, निकोटिन रिसेप्टरच्या जीन्सपाशी, एक फरक सापडला. तो असलेले स्मोकर्स सरासरी जास्त ओढतात, त्यांना कॅन्सरचा धोकाही जास्त. पण कधीच सिगारेट न ओढलेल्यांमध्ये तो जास्तीचा धोका जवळजवळ दिसतच नाही.

मित्राला सांगितलं. "म्हणजे रक्तातच ना?" म्हणाला.