मेंढ्याच्या वीर्यातील सुप्त जंतुसंसर्ग

पैदाशीच्या मेंढ्यात बाह्य लक्षणे नसताना वीर्यावाटे जंतू बाहेर पडण्याची अवस्था. तिचे प्रमुख कारण, ब्रूसेला ओव्हिस (पहा : ब्रूसेला), १९५० नंतरच्या काही वर्षांत न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियात ओळखले गेले. हा जंतू अधिवृषणात ठाण मांडतो. तेथे सूज व गाठी होऊन प्रजननक्षमता घटते. वृषणकोश हाताने चाचपणे ही जुनी पद्धत. पण अनेक बाधित मेंढ्यांत गाठ होतच नाही, म्हणून चाचपणीत दोष न सापडणे हा निरोगीपणाचा पुरावा नव्हे. वीर्याचे संवर्धन अधिक थेट खरे, परंतु जंतू वीर्यात खंडितपणे उतरतो. एक नकारार्थी नमुना निर्णायक मानता येत नाही. वीर्यातील श्वेत पेशी दाह दाखवतात, त्याचे कारण नव्हे. ॲक्टिनोबॅसिलस सेमिनिसही तसाच दाह करतो. रक्तातील प्रतिपिंडे शोधणारी एलायझा कसोटी (पहा : प्रतिपिंड) सुप्त बाधा बरीच पकडते. संसर्गाच्या आरंभी प्रतिपिंडे नसतात, हा तिच्यावरील आक्षेप रास्त आहे. काही आठवड्यांनी संपूर्ण कळपाची फेरचाचणी केल्यास तो बराचसा दूर होतो. गुरे-शेळ्यांसाठी आपल्याकडे रूढ असलेली रोझ बेंगाल कसोटी मात्र येथे निरुपयोगी ठरते, कारण तिचा प्रतिजन गुळगुळीत प्रकारच्या ब्रूसेलांचा असतो व ब्रूसेला ओव्हिस खडबडीत प्रकारात मोडतो.